मॉन्तेरिज्जोनी : चौदा बुरुजांचं गाव

इटलीतल्या तोस्काना प्रांतातलं हे गाव सिएना प्रजासत्ताकानं 1213 ते 1219 या काळात मुद्दाम वसवलं. शत्रू एकच, फ्लॉरेन्स. टेकडीच्या माथ्यावरून एल्सा खोरं आणि रोमकडे जाणारा यात्रेकरूंचा रस्ता, दोन्हींवर नजर राहते. तटाचा घेर जेमतेम 570 मीटर, बुरूज 14, दरवाजे दोन : एक रोमच्या दिशेला, एक फ्लॉरेन्सच्या. आत चौक, चर्च आणि मोजकी घरं. फ्लॉरेन्सचाच कवी दान्ते यानं ‘डिव्हाइन कॉमेडी’त नरकाच्या विवराभोवती उभ्या राक्षसांना या बुरुजांची उपमा दिली. शत्रूच्या गढीला याहून मोठी दाद कोणती मिळायची!

तेराव्या शतकात फ्लॉरेन्सचे वेढे या तटानं परतवले. घात झाला तो 1554 मध्ये, आणि तोही आतून. गढीचा नायक जोव्हान्निनो झेती हा मूळचा फ्लॉरेन्सचा निर्वासित. फ्लॉरेन्सवर राज्य करणाऱ्या मेदिची घराण्याची मर्जी पुन्हा मिळवण्यासाठी त्यानं न लढताच गढी शत्रूच्या हवाली केली. आपल्याकडच्या फितुरीच्या कथा ऐकत वाढलेल्या वाचकाला हा प्रसंग चटकन कळेल. पुढच्याच वर्षी, 1555 मध्ये, सिएनाही पडलं.