फोन ऐकताना – लेखांक ४ : काचेवरचं बोट

गेल्या आठवड्यात आपण बटनांच्या फोनपाशी थांबलो होतो. नोकियाच्या फोनवर 'टॉक्स' किंवा 'मोबाइल स्पीक' हा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, घालून आमच्यापैकी कितीतरी अंधांनी आयुष्यातला पहिला एसएमएस दुसऱ्या कुणाला न दाखवता वाचला. पाचच्या बटनावर बारीक उंचवटा असायचा. तो सापडला की बाकीचे आकडे हाताला लागत. म्हणून २००७ मध्ये जवळपास सगळी बटनं काढून टाकलेला आयफोन आला, तेव्हा अंधांच्या मनात बसलेली धास्ती अगदी रास्त होती. काचेला ना उंचवटा ना खाच. बोट टेकलं की काहीतरी उघडणार, आणि काय उघडलं ते कळणारच नाही.

ही अडचण कशी सुटली, ते नीट समजून घेण्यासारखं आहे. डोळस माणूस आधी नजरेनं शोधतो आणि मग बोट लावतो. त्याची शोधाशोध फोनला कळतही नाही, फोनपर्यंत पोचतो तो फक्त शेवटचा स्पर्श. अंध माणसाला मात्र शोधायचंही बोटानंच आहे. तेव्हा पहिल्या स्पर्शानं काहीही उघडता कामा नये. बोटाखाली काय आहे ते फोननं सांगावं, आणि 'हेच हवं' म्हणून आपण दोनदा टॅप करावं, की मग ते उघडावं. चाचपणं आणि उघडणं वेगळं झालं आणि काच वापरण्याजोगी झाली.

वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ मध्ये 'स्लाइड रूल' नावाच्या प्रयोगात याच दिशेनं काम केलं होतं. जून २००९ मध्ये आयफोन ३जीएस आला तो 'व्हॉइसओव्हर' हा स्क्रीन रीडर पोटात घेऊनच. वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यायला नको, कुणा जाणकाराकडून भरून घ्यायला नको. अँड्रॉइडवर 'टॉकबॅक'ही त्याच वर्षी आलं. पण काचेवर बोट फिरवून ऐकण्याची सोय २०११ मध्ये, अँड्रॉइडच्या चौथ्या आवृत्तीबरोबर आली.

अँड्रॉइडच्या या कामामागे टी. व्ही. रामन हे पुण्यात वाढलेले संगणकशास्त्रज्ञ होते. काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. पुणे विद्यापीठातून गणित, मग आयआयटी मुंबई, कॉर्नेलची पीएचडी आणि पुढे गूगल. तिथे चार्ल्स चेन यांच्यासह त्यांनी केलेला एक डायलर मला फार महत्त्वाचा वाटतो. काचेवर पाचचा आकडा शोधायचाच कशाला? बोट जिथे टेकेल, तिथेच पाच. वर सरकवलं की दोन, डावीकडे तिरपं वर नेलं की एक. चुकलं तर फोन हलवायचा, आकडा पुसला जातो. उंचवट्याचं काम त्यांनी काचेकडून काढून बोटाकडे दिलं. ज्याला रोज चाचपडावं लागतं त्यालाच असं सुचू शकतं, आणि म्हणूनच असं काही बनवणाऱ्यांत अंध माणसं असायलाच हवीत, असं मी ठामपणे म्हणतो.

आता प्रत्यक्ष वापराकडे. स्क्रीनवर फिरायचे दोन मार्ग आहेत. एक बोट उजवीकडे झटकलं की पुढची गोष्ट, डावीकडे झटकलं की मागची; बोट नेमकं कुठे आहे याला महत्त्व नाही. किंवा बोट न उचलता काचेवर फिरवत राहायचं, खाली येईल ते ऐकत जायचं. नवशिक्यांना बहुतेक ठिकाणी फक्त झटकायला शिकवतात, कारण त्यात काही सुटत नाही. पण बँकेच्या अ‍ॅपमध्ये खाली असलेल्या बटनापर्यंत पोचायला वीस-पंचवीस वेळा झटकत बसणं म्हणजे शिक्षाच. बोट फिरवण्याची भीती पहिल्याच दिवशी घालवावी. 'मागे जा' डावीकडे वर, 'पाठवा' उजवीकडे खाली, असा नकाशा हाताला पाठ झाला की वेग आपोआप येतो.

भाजीवाल्याला पैसे देताना हे सगळं एकत्र येतं. क्यूआर कोडच्या पाटीवर फोन आधी जवळजवळ टेकवायचा आणि मग सरळ रेषेत हळूहळू मागे घ्यायचा. वीतभर अंतरावर आला की कोड बहुधा पकडला जातो. मग फोन नाव वाचतो. ते ऐकून भाजीवाल्याला विचारून घ्यावं, कारण पैसे दुसऱ्याच्या खात्यात जाऊ नयेत. पिन टाकताना इअरफोन हवाच, नाहीतर बोटाखालचा आकडा शेजारच्यालाही ऐकू जातो. आणि स्क्रीन? ती पूर्ण काळी करता येते. आयफोनवर तीन बोटांनी तीनदा टॅप केलं की पडदा पडतो, टॉकबॅकच्या मेनूतही स्क्रीन लपवण्याचा पर्याय आहे. लोकलच्या गर्दीत आमचा पिन कुणालाच दिसत नाही.

घरच्या डोळस मंडळींसाठी एक सूचना. अंध माणसाचा फोन हातात घेतला आणि एका टॅपनं काही उघडेना, तर तो बिघडलेला नसतो. तुमच्या फोनवर टॉकबॅक चुकून चालू झालं असेल, तर आवाजाची दोन्ही बटनं तीन सेकंद दाबून धरा. हा शॉर्टकट चालू असेल तर ते बंद होतं.

एवढं सगळं जमूनही माणूस अडतो ते नाव नसलेल्या बटनापाशी. स्क्रीन रीडर सहसा चित्र पाहून अंदाज बांधत नाही. अ‍ॅप बनवणाऱ्यानं बटनाला जे नाव दिलेलं असतं तेच तो मुख्यतः वाचतो. नाव दिलेलंच नसेल तर फोन नुसतं 'लेबल नसलेलं बटन' म्हणतो. अशी तीन बटनं ओळीनं आली, की त्यातलं कुठलं 'रद्द करा' आणि कुठलं 'पैसे पाठवा' हे कसं ठरवायचं? टॉकबॅकमध्ये काही बटनांना आपण स्वतः नाव देऊ शकतो, पण कुठलं बटन कशाचं हे एकदा डोळस माणसाला विचारावंच लागतं. बनवणाऱ्याला हे नाव द्यायला एक ओळ पुरते. हा आळस मला क्षम्य वाटत नाही, कारण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानंही सुगम्यता बंधनकारक केली आहे. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सेवांपर्यंत पोचण्याचा हक्क हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. केवायसीसाठी कॅमेऱ्यासमोर पापण्या मिटून दाखवण्याची अट अंध आणि अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या माणसांना कशी बाहेर ठेवते, हेच त्या खटल्यात पुढे आलं होतं.

मराठीच्या बाबतीत थोडं काम आपल्या सगळ्यांकडे आहे. मराठी बोलणारे आवाज आता फोनमध्ये मिळतात, पण त्यांना वाचायला युनिकोडमधला मजकूर लागतो. जुन्या फाँटमधली पीडीएफ वाचायला घेतली की फोन निरर्थक अक्षरं बडबडत सुटतो. सोसायटीच्या ग्रुपवर पाणी बंद असल्याची सूचना चित्र म्हणून येते आणि फोन फक्त 'फोटो' म्हणतो. नव्या फोनमध्ये चित्रातली अक्षरं ओळखण्याची सोय आहे, पण नक्षीदार मराठी लिपीपुढे ती अडखळते. अशी सूचना टाकताना खाली तीच दोन ओळींत टाइप केली, तर पाणी भरून ठेवायचं कुणाचं राहणार नाही. शुभेच्छांखाली ओळीनं बारा जोडलेले हात टाकू नका, एक पुरे. फोन ते एकामागून एक वाचत बसू शकतो, आणि पुढचा निरोप त्यानंतरच ऐकू येतो.

लिहिण्याचा भाग इथे मुद्दामच सोडला आहे. सहा ठिपक्यांचा ब्रेल कीबोर्ड काचेवर उमटतो कसा आणि त्यावर जोडाक्षरं कशी लिहायची, ते पुढच्या आठवड्यात. तोवर ज्यांच्याकडे टॉकबॅक आहे त्यांनी झटकणं बाजूला ठेवून, रोजच्या वापरातलं एखादं अ‍ॅप उघडून त्यावर फक्त बोट फिरवून बघावं.