तारापूरचं इंधन आणि दोन अपवाद

बोईसर स्टेशनाबाहेर रिक्षात चौथी सीट भरायची वाट बघणाऱ्यांना सांगितलं तर हसतील, पण इथून जवळच समुद्रकाठी उभ्या असलेल्या तारापूर अणुवीज केंद्राच्या इंधनावरून १९८० साली अमेरिकेच्या सिनेटमध्ये ४८ विरुद्ध ४६ अशी मतं पडली होती. दोन मतांनी तरलं!

मुळात व्यवहार साधा होता. १९६३ च्या करारानुसार दोन अणुभट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने बांधायच्या आणि त्यांना लागणारं समृद्ध युरेनियम तीस वर्षं अमेरिकेनेच पुरवायचं. १९६९ मध्ये वीज सुरू झाली. १९७४ ला भारताने पोखरणला अणुस्फोट केला आणि सगळं बिनसलं.

आता गंमत बघा. १ जानेवारी १९६७ पूर्वी ज्यांनी स्फोट केला ते अण्वस्त्रधारी, बाकीच्यांनी बॉम्बचं नाव काढायचं नाही, असा अण्वस्त्रप्रसारबंदी कराराचा नियम. भारत म्हणाला, हा भेदभाव आहे, सही करणार नाही. आणि आमचा स्फोट तर शांततेसाठीचा! अमेरिकेने १९७८ मध्ये अणुइंधनाच्या निर्यातीवर बंधनं घालणारा आपल्या घरचा कायदा केला आणि आधीच सही झालेल्या तारापूर करारालाही तो लावला. पोखरणचं प्लुटोनियम तुर्भ्याच्या सायरस भट्टीतलं, तारापूरचं नव्हे, हे दिल्ली सांगत राहिली. जगाला नियम हवेत, आपण मात्र वेगळे, यावर दोघांचंही मनातून एकमत असावं. १९७८ च्याच जानेवारीत दिल्लीत आलेले अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर आपल्या परराष्ट्रमंत्र्यांना म्हणाले, परत गेल्यावर पंतप्रधान मोरारजी देसाईंना थंड आणि रोखठोक पत्र लिहू. शेजारचा माईक चालू होता. जगभर बोभाटा!

तरीही केंद्र बंद पडू द्यायला कुणीच तयार नव्हतं. १९८२ मध्ये इंदिरा गांधी आणि अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी तोड काढली: इंधन फ्रान्स देईल. पुढे चीनने दिलं, रशियानेही दिलं. पोखरणच्या धसक्याने जो अणुपुरवठादार गट जन्माला आला, त्यानेच २००८ मध्ये भारताला खास सूट दिली, तीही अमेरिकेच्या पुढाकाराने. भारत वेगळा आहे, हे अखेर वॉशिंग्टनच इतरांना पटवत होतं.

वापरलेल्या इंधनाचा तिढा वेगळाच. अमेरिका ते परत नेईना आणि भारताला त्यातून प्लुटोनियम काढू देईना. १९९३ ला करार संपला, तेव्हाही ते तारापूरलाच होतं.