आधी वीस गाणी बिघडवून बघा

घरातली जुनी हार्ड डिस्क शेवटची कधी उघडली होतीत? बाबांनी कॉलेजात असताना जमवलेली एमपीथ्री, मामाने पेन ड्राइव्हवर दिलेली नाट्यगीतं, कुणीतरी कॅसेटवरून उतरवून ठेवलेलं आजोबांचं भजन. सगळं एकाच फोल्डरमध्ये, आणि नावं काय? 'ट्रॅक ०१', 'ट्रॅक ०१ कॉपी', 'न्यू फोल्डर २'. अॅपवर गाणी ऐकणाऱ्या आपल्या पिढीला हा पसारा म्हणजे अडगळ वाटतो. पण त्यातलं आजोबांचं भजन कुठल्याच अॅपवर मिळणार नाही. ते कोणी म्हटलंय, तबल्यावर कोण होतं, कुठल्या गणपतीतलं आहे, हे सांगू शकणारी माणसं घरात एक किंवा दोनच. तीही सत्तरीच्या पुढची.

म्हणजे हा पसारा आवरायचा तर आत्ताच. त्यासाठी जे सॉफ्टवेअर लागतं ते पहिल्या दिवशी अंगावर येतं, हेही खरं.

उदाहरण घेऊ फूबार२००० चं. पीटर पावलोव्स्की नावाच्या पोलिश प्रोग्रॅमरने २००२ मध्ये आणलेलं, विंडोजवर आजही फुकट मिळणारं. त्याआधी तो विनॅम्प बनवणाऱ्या कंपनीसाठी काम करायचा. विनॅम्प दिसायला जेवढं चकाचक, तेवढं हे रुक्ष. उघडलंत की करड्या रंगाची एक खिडकी आणि आत जवळजवळ काहीच नाही. 'इथून सुरू करा' असं सांगणारा बाण नाही, गोड बोलणारा मदतनीस नाही. सोबत जाडजूड पुस्तकही येत नाही. प्रेफरन्सेस उघडलं की मात्र डावीकडे सेटिंग्जचं एक अख्खं झाड. बहुतेक जण इथेच खिडकी बंद करतात.

तुम्ही करू नका. मॅन्युअल असतं तरी तुम्ही ते वाचलं नसतं, हे लोकांनी अभ्यास करून सांगितलंय. १९८० च्या दशकात आयबीएमच्या संशोधन केंद्रात जॉन कॅरोल आणि त्यांचे सहकारी ऑफिसातल्या लोकांना नवा वर्ड प्रोसेसर शिकताना बघत होते. लोक मॅन्युअल बाजूला सारून सरळ बटणं दाबायला लागायचे. कारण त्यांना सॉफ्टवेअर शिकायचं नव्हतं, पत्र टाइप करायचं होतं. मग कॅरोल यांनी एक गंमत केली. नवशिक्यांसाठी त्याच प्रोग्रॅममधले अवघड मेन्यू बंद करून ठेवले. मेन्यू दिसायचे, पण दाबले तर 'हे आत्ता उपलब्ध नाही' एवढाच निरोप यायचा. अशा अर्ध्या बांधलेल्या प्रोग्रॅमवर लोक लवकर शिकले आणि चुका निस्तरण्यात त्यांचा वेळही कमी गेला. लहान मुलांच्या सायकलला मागे दोन छोटी चाकं लावतात ना, तसंच हे. कॅरोल यांनी नावही तेच दिलं होतं.

तुमच्या सायकलला ती चाकं तुम्हालाच लावावी लागतील. आणि ते सोपं आहे. फूबार इन्स्टॉल करताना तो विचारतो, नेहमीचं इन्स्टॉलेशन की पोर्टेबल? पोर्टेबल निवडा. मग त्याची सगळी सेटिंग्ज त्याच एका फोल्डरमध्ये राहतात. काही बिनसलं तर फोल्डर उडवायचा, पुन्हा टाकायचा. मग संग्रहातली वीस गाणी, वीसच, दुसऱ्या एका फोल्डरमध्ये कॉपी करा. मुद्दाम विचित्र निवडा: एक नाट्यगीत, एक ख्याल, दोन सिनेमाची, एखादी जुगलबंदी, एक घरगुती रेकॉर्डिंग. लायब्ररीत फक्त हाच फोल्डर जोडा. आता ही वीस गाणी तुम्हाला हवी तशी बिघडवायची मुभा आहे. मूळ फाइल्स वेगळ्या ड्राइव्हवर, आणि तो ड्राइव्ह कपाटात.

ही काळजी एवढ्यासाठी, की गाण्याची माहिती गाण्याच्या फाइलमध्येच लिहिली जाते. आपण नाव बदलतो तेव्हा सॉफ्टवेअरच्या वहीत नाही, थेट फाइलमध्ये बदल होतो. प्लेलिस्टमधून चुकून गाणं काढलंत तर अनडू चालतं. मुळात तेव्हा फाइलला हातही लागलेला नसतो. पण तीन हजार गाणी सिलेक्ट असताना 'आर्टिस्ट'च्या रकान्यात एक नाव टाकून ओके केलंत, तर तीन हजार फाइल्समधली जुनी नावं गेली. त्याला अनडू नाही. आजोबांच्या भजनाच्या फाइलमध्ये कुणीतरी कधीतरी 'दादर, १९८६' असं लिहून ठेवलं असेल आणि ते दुसरीकडे कुठेच नसेल, तर ते कायमचं गेलं.

ही फाइलमधली चिठ्ठी म्हणजे टॅग. एमपीथ्रीसाठी ती १९९६ मध्ये एरिक केम्प यांनी सुरू केली. गाण्याच्या शेवटी फक्त १२८ बाइट्सची जागा. त्यात नावाला ३०, कलाकाराला ३०, अल्बमला ३०, वर्षाला ४. देवनागरीची सोय अर्थातच नाही. जुन्या फाइल्समध्ये नावं मध्येच तुटलेली दिसतात ती बऱ्याचदा या तीस अक्षरांच्या जागेमुळे. नंतरच्या आवृत्तीने चिठ्ठी फाइलच्या सुरुवातीला नेली, लांबीचं बंधन काढलं आणि युनिकोडही आणलं. तेव्हा मराठी नावं बिनधास्त मराठीत लिहा.

(टॅगच्याही आधीचा टॅग ऐकायचाय? १९०२ मध्ये कोलकात्यात गौहर जान यांनी ग्रामोफोनवर गायलं आणि शेवटी स्वतःचं नाव मोठ्याने सांगितलं. तबकड्या जर्मनीत हॅनोवरला तयार व्हायच्या, तिथल्या लोकांना कळायला हवं ना आवाज कुणाचा!)

आता शिकायला कुठून लागायचं? मेन्यू वरून खाली वाचत जाऊ नका, कंटाळून झोप येईल. एक प्रश्न घ्या. 'सैराट'पासून सुरुवात करा. चारही गाणी टाका आणि अल्बम लिस्ट बघा. बहुतेक शक्यता अशी, की एकाच सिनेमाचे तुकडे झालेले दिसतील. एका गाण्यावर अजय गोगावले, एकावर श्रेया घोषाल, एकावर अजय आणि चिन्मयी, एकावर अजय-अतुल. सॉफ्टवेअरला वाटतं, कलाकार वेगळे म्हणजे अल्बम वेगळे. का? आता तुम्हाला उत्तर हवंय, आणि या हवं असण्यातच अर्धं शिकणं आहे. गाण्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज. तिथे 'आर्टिस्ट'खेरीज 'अल्बम आर्टिस्ट' असा आणखी एक रकाना आहे. चारही गाणी सिलेक्ट करून तिथे 'अजय-अतुल' लिहिलं की तुकडे जुळले. गायकांची नावं आपापल्या जागी शाबूत.

पुढचा प्रश्न उलटा. 'कट्यार काळजात घुसली' या नावाखाली १९६७ च्या नाटकातली, पं. जितेंद्र अभिषेकींच्या संगीतातली पदं आणि २०१५ च्या सिनेमातली शंकर-एहसान-लॉय यांची गाणी एकत्र घुसलीत. ती वेगळी कशी करायची? इथे वर्ष उपयोगी पडतं. अल्बम लिस्ट कशी मांडायची हे एका छोट्या सूत्रातून ठरतं. टक्क्याच्या दोन खुणांमध्ये रकान्याचं नाव लिहायचं: %डेट%, %अल्बम%, %टायटल%, अर्थात रोमनमध्ये. चौकोनी कंसात जे घालाल ते माहिती असेल तरच दिसतं, नसेल तर गुपचूप गायब होतं. एवढ्या दोन नियमांवर तासभर खेळता येतं. एक शब्द बदला, परिणाम बघा, मग दुसरा. एका वेळी दोन गोष्टी बदललात, तर नेमकं कशाने काय झालं ते कळत नाही. फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला हेच सांगतात आणि तिथे आपण ऐकत नाही!

मला स्वतःला सगळ्यात भारी वाटतं ते यानंतरचं. हे सगळे रकाने पाश्चात्त्य पॉप संगीत डोळ्यांसमोर ठेवून आखलेत: कलाकार, अल्बम, गाणं. ख्यालाला यातलं काय लागू पडतं? राग कुठे लिहायचा? ताल? नाट्यगीतात नाटककार, संगीतकार आणि गाणारा नट तिघेही महत्त्वाचे, ते कुठे? फूबारमध्ये याचं उत्तर सोपं आहे: तुमचा रकाना तुम्हीच बनवा. प्रॉपर्टीजमध्ये नवं नाव लिहिलं, 'राग', आणि पुढे 'मियां मल्हार', की तो रकाना अस्तित्वात आला. परवानगी नाही, अर्ज नाही. जुगलबंदीत दोन नावं असतील तर मध्ये अर्धविराम द्या, ती दोन वेगळी नावं मानली जातात. नव्या रकान्याचं नाव मात्र रोमनमध्ये ठेवा, म्हणजे सूत्रात आणि शोधात वापरायला सोपं जातं. आत जे लिहायचं ते देवनागरीत.

मग शोधाच्या खिडकीत विचारा, कुठकुठल्या गाण्यांना राग लिहिलेला नाही? रकान्याचं नाव आणि पुढे कॅपिटलमध्ये 'मिसिंग', बस्स. त्या शोधाचीच ऑटोप्लेलिस्ट करता येते आणि ती आपोआप लहान-मोठी होत राहते. एखाद्या गाण्याला राग लिहिलात की ते यादीतून आपलं आपण नाहीसं होतं. सबमिशनच्या आदल्या रात्री करायच्या कामांपेक्षा हे किती तरी समाधानाचं आहे.

मराठीत काम करणाऱ्यांना एक खास खड्डा लागतो, तो आधीच दाखवून ठेवते. 'पं. भीमसेन जोशी', 'भीमसेन जोशी', 'पंडित भीमसेन जोशी' ही आपल्याला एक व्यक्ती, सॉफ्टवेअरला तीन. हे निदान दिसतं तरी. पण 'कऱ्हाडे' हे आडनाव घ्या. त्यातला अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो: एकात नुक्त्याचा ऱ असतो, दुसऱ्यात साधा र आणि त्यामागे एक न दिसणारं चिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच. यादीत मात्र एकाच आडनावाच्या दोन ओळी दिसतात आणि एकीवर शोधलं तर दुसरी सापडत नाही. डोकं फोडून घेऊ नका. एक नाव कॉपी करून दुसऱ्यावर चिकटवा.

हे सगळं आपोआप करून देणारं काही नाही का? आहे, पिकार्ड. म्युझिकब्रेन्झ या लोकांनीच भरलेल्या मोठ्या संगीत-सूचीचं हे मोफत, मुक्त सॉफ्टवेअर. नाव 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टनवरून घेतलंय. डावीकडे तुमच्या फाइल्स, उजवीकडे जुळलेले अल्बम. यात 'लुकअप' आणि 'स्कॅन' ही दोन बटणं एकसारखी वाटतात, पण तसं नाही. 'लुकअप' आधीच्या टॅगवर विसंबतो, 'स्कॅन' गाण्याच्या आवाजाचा ठसा घेऊन जुळवतो. टॅगमध्ये 'भैरवी' एवढंच लिहिलेलं असेल तर लुकअप भलत्याच कुणाची भैरवी समोर ठेवू शकतो. म्हणून सेव्ह करण्याआधी खालच्या पट्टीत जुनी आणि नवी माहिती शेजारी-शेजारी दिसते, ती वाचा. सेटिंग्जमध्ये आधीचे टॅग पुसून टाकण्याचा एक पर्याय आहे, त्याला टिक नाही ना तेही बघा.

म्युझिकब्रेन्झमध्ये हिंदुस्थानी रागांची आणि तालांची नोंद करायची सोय आहे. बार्सिलोनाच्या पोंपेउ फाब्रा विद्यापीठात झाविएर सेरा यांच्या नेतृत्वाखाली २०११ पासून काही वर्षं 'कॉम्पम्युझिक' हा प्रकल्प चालला. त्यात हिंदुस्थानी आणि कर्नाटक संगीताच्या माहितीसाठी हीच सूची वापरली गेली. तुमच्याकडच्या एखाद्या जुन्या सीडीची नोंद तिथे नसेल तर तुम्हीही खातं काढून भरू शकता.

घरगुती रेकॉर्डिंगच्या बाबतीत मात्र पिकार्डचा काही उपयोग नाही. ते कुठे प्रसिद्धच झालेलं नाही, तर त्याचा ठसा जुळणार कशाशी? तिथे आजीच लागते. वीस गाण्यांवर हात बसला की लॅपटॉप तिच्याशेजारी घेऊन बसा. हेडफोन नको, स्पीकर लावा. 'आजी, ही पेटी कोण वाजवतंय गं?' असं विचारलं की पेटीवाल्याचं नाव कळेल, त्याच्या बायकोचं माहेर कळेल, आणि त्या वर्षी मांडव कसा पडला होता तेही कळेल. सगळं 'कॉमेंट'मध्ये लिहा, तिथे जागेची चणचण नाही. शिवाय स्वतःचा एक रकाना करा: 'माहिती कोणी सांगितली'. पुढे मावशी म्हणेल, 'छे, ते दादरचं नाहीच, गिरगावातलं आहे.' तेव्हा आजीचं खोडू नका. मावशीचं म्हणणं तिच्या नावासकट खाली लिहा. कॅसेट अजून घरात असेल तर तिच्या आतल्या कागदाचा फोटोही काढून ठेवा, दोन्ही बाजूंनी. मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेलं बऱ्याचदा पुसट झालेलं असतं. फोटो खिडकीपाशी, तिरप्या उजेडात घ्या.