गाडी सुरू होत नाही? आधी तपासा, मग बदला

प्रसंग नेहमीचाच आहे. बाजाराचा दिवस असतो. मनियार पहाटे उठून बांगड्यांच्या पेट्या मोटारसायकलला बांधतो, चावी फिरवून बटण दाबतो, तर नुसता 'टक्' असा आवाज. किका मारून पाय भरून येतो. उजाडल्यावर गाडी ढकलत गॅरेजवर जाते. मिस्त्री नवी बॅटरी बसवितो. चार दिवसांनी गाडी पुन्हा बंद. मग सीडीआय बदलला जातो. शेवटी दोष सापडतो तो चेसिसला आवळलेल्या अर्थच्या गंजलेल्या वायरीत! पॉलिश पेपरने घासून बोल्ट आवळायचा, पाच मिनिटांचे काम. तोपर्यंत हजारो रुपये गेलेले असतात आणि दोन बाजार बुडालेले असतात.

सातारा-सांगलीकडचा बागवान असो, आतार असो की गावोगाव कपडे विकणारा फेरीवाला, त्याचे दुकान दोन चाकांवर असते. गॅरेजच्या धंद्यातही आपले कितीतरी कारागीर आहेत. म्हणून हा विषय दोघांच्याही पोटाचा आहे. वरच्या प्रसंगात मिस्त्री लबाड होता असे नाही. त्याने तपासण्याआधी बदलले, एवढीच चूक. ती कशी टाळावी ते पाहू.

बिनपैशाची तपासणी

हत्याराला हात लावण्यापूर्वी चार गोष्टी पाहाव्यात. हँडलवरचा लाल बंद-स्विच चुकून दाबला गेला आहे काय? साइड स्टँड वर आहे काय? बऱ्याच नव्या गाड्या स्टँड खाली असताना सुरूच होत नाहीत. गाडी न्यूट्रलमध्ये आहे काय, क्लच दाबला आहे काय? आणि टाकीत पेट्रोल आहे काय? यानंतर फ्यूज पाहावा. फ्यूज उडाला असेल तर त्याच अँपिअरचा नवा घालावा. तोही लगेच उडाला, तर कुठेतरी वायर सोलून चेसिसला लागत आहे असे समजावे. फ्यूजच्या जागी तांब्याची तार घालणे म्हणजे सगळी वायरिंग जाळण्याची तयारी करणे होय.

बॅटरी आणि अर्थ

हॉर्न दाबून पाहा. आवाज बसका येत असेल आणि सेल्फ दाबताच दिवे मंद होऊन 'टक् टक्' होत असेल, तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. हॉर्न खणखणीत असूनही सेल्फ दाबल्यावर काहीच आवाज नसेल, तर बटण, क्लचचा स्विच किंवा रिलेकडे वळावे.

मल्टीमीटर काही महाग वस्तू नाही. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या चांगल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा दिसतो. १२ च्या खाली असेल तर बॅटरी उतरलेली आहे. सेल्फ दाबताना आकडा १० च्या खाली घसरत असेल तर ती चार्ज करून पुन्हा तपासावी. गाडी सुरू झाल्यावर थोडी रेस दिली की १३.५ ते १४.५ व्होल्ट मिळायला हवेत. आकडा १२ वरच राहिला तर चार्जिंग होत नाही. दोष मॅग्नेट कॉईलमध्ये, रेक्टिफायरमध्ये किंवा जोडणीत आहे. तो काढल्याशिवाय नवी बॅटरी घालणे व्यर्थ, तीही चार दिवसांत उतरणार. आकडा १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर गेला आहे. तो बल्ब उडवील आणि बॅटरीही खाईल.

आता ती अर्थची वायर. मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला आणि दुसरे इंजिनच्या उघड्या धातूला लावून सेल्फ दाबावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा दिसला तर अर्थ खराब आहे. मनियाराच्या गाडीवर ही एक चाचणी पहिल्याच दिवशी झाली असती, तर पुढचा सारा खर्च वाचला असता.

ठिणगी येते काय?

सेल्फ फिरतो पण गाडी पेट घेत नाही, तेव्हा प्लग काढावा, कॅपमध्ये बसवून त्याची लोखंडी बाजू इंजिनला टेकवावी आणि किक मारावी. निळी, कडक ठिणगी हवी. प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ येते, म्हणून ठिणगी तिथून लांब ठेवावी. कॅप हवेत लोंबकळत ठेवून किका मारू नयेत, त्याने कॉईल व सीडीआय बिघडू शकतात.

ठिणगी नसेल तर स्वस्ताकडून महागाकडे जावे. आधी नवा प्लग, मग कॅप आणि तिची वायर, मग स्विच व सॉकेट, मग कॉईल आणि पिकअप. सीडीआय सर्वांत शेवटी. तो साध्या मीटरने धड तपासता येत नाही, म्हणून त्याच मॉडेलच्या चालू गाडीचा सीडीआय लावून खात्री करावी आणि मगच नवा विकत आणावा.

जुनी गाडी, नवी गाडी

१९७५ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या साताऱ्यातील कारखान्यातून 'प्रिया' स्कूटर निघत असे. त्या काळात राजदूत आणि बुलेटवर हात बसलेल्या मिस्त्रींना पॉईंट घासून फटीचा अंदाज नजरेने येई. पॉईंट वारंवार जळत असतील तर कंडेन्सर गेला, हेही ते सांगत. पुढे सीडीआय आले. त्यांतल्या अनेक गाड्यांत सीडीआयला वीज थेट मॅग्नेटमधून मिळते. बॅटरी मेली तरी त्या किकवर सुरू होतात. अशा गाडीला ठिणगी नसेल तर बॅटरी बदलून काय होणार?

एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि बहुतेक गाड्यांत कार्बोरेटरच्या जागी इंजेक्शन आले. चावी फिरवल्यावर दोन-तीन सेकंद पंपाचा बारीक 'सूं' आवाज ऐकू आला पाहिजे. इथे बॅटरी कमजोर असेल तर पंप आणि कंट्रोल युनिट दोन्ही दगा देतात. अशा गाडीवर वेल्डिंग करताना बॅटरी सोडवून ठेवावी, आणि इंजिन चालू असताना बॅटरीची वायर कधीही काढू नये.

डोंगराचा पाऊस, माणदेशाची धूळ

आपल्या दोन जिल्ह्यांत हवामान दोन टोकांचे आहे. महाबळेश्वर, पाटण, जावळी, शिराळा या बाजूला पावसात प्लगची कॅप भिजते आणि सॉकेटमध्ये हिरवा गंज चढतो. तिथे सॉकेट उघडून साफ व कोरडे करणे ही पहिली दुरुस्ती. माण, खटाव, आटपाडी, जत या बाजूला ऊन आणि धूळ. पाणी घालायच्या जुन्या बॅटऱ्या तिथे लवकर कोरड्या पडतात. त्यांत डिस्टिल्ड वॉटरच घालावे, विहिरीचे नव्हे. गोदामात गाडी लावणाऱ्यांनी उंदरांनी कुरतडलेली वायरही पाहावी.

कृष्णाकाठी आणखी एक संकट असते. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांनी सांगलीकरांना हे शिकवले आहे. बुडालेल्या गाडीची चावी फिरवू नये, किकही मारू नये. प्रथम बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवावी. विमा असेल तर फोटो काढून कंपनीला कळवावे. ऑईल बदलून, सॉकेट वाळवून, मगच वीज जोडावी.

तपासणीचीही मजुरी असते

शेवटी दोन्ही बाजूंना एक सांगणे. गिऱ्हाईक म्हणते, "बघायचे कसले पैसे?" म्हणून मिस्त्री बघत नाही, पार्ट बदलतो आणि त्यात आपली मजुरी काढतो. यात गिऱ्हाईकाचा पैसा जातो आणि मिस्त्रीचे नाव जाते. त्यापेक्षा मिस्त्रीने तपासणीची मजुरी आधी उघड सांगावी, मीटरचा आकडा गिऱ्हाईकाला दाखवावा आणि काढलेला जुना पार्ट त्याच्या हातात द्यावा. गिऱ्हाईकाने बिल आणि बॅटरीचे वॉरंटी कार्ड जपून ठेवावे, आणि पाच मिनिटांत दोष शोधणाऱ्याला पाच मिनिटांचे नव्हे, त्याच्या जाणकारीचे पैसे द्यावेत. असा व्यवहार झाला तर बाजारही बुडणार नाही आणि गॅरेजवरचे गिऱ्हाईकही तुटणार नाही.