बुडालेलं इंजिन आणि घाईची किक

पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिलींचा ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यापासून वेगळा जिल्हा झाला. कागदोपत्री मध्य प्रदेश, घरात मराठी, आणि मोठी खरेदी असो की मोठा दवाखाना, धाव नागपूरकडे. संत्रा आणि कपाशी ही इथली पिकं. पावसाळ्यात बागेकडे नेणारी वाट म्हणजे पांदण : दोन्हीकडे धुरे, मध्ये बैलगाडीच्या खोल चाकोऱ्या, चाकोरीत चिखल आणि पुढे कुठेतरी एक नाला आडवा.

अशाच वाटेवर गाडी चालवण्याचा एक खेळ युरोपात शंभर वर्षांहून जुना आहे. त्याला ट्रायल्स म्हणतात. त्यात वेगाला मान नाही. दगड, चिखल, ओढा यांतून पाय खाली न टेकवता गाडी काढायची. पाय टेकला की दंडाचा गुण. आपल्याकडे हा खेळ म्हणून कोणी खेळत नाही. पण मागे संत्र्याचे कॅरेट आणि टाकीवर फवारणीचा पंप ठेवून श्रावण-भाद्रपदात पांदणीतून स्प्लेंडर काढणारा शेतकरी काही वेगळं करत नसतो. त्याला पंच नसतो आणि बक्षीसही नसतं, एवढंच.

आपल्या ओळखीच्या गाड्यांचं या खेळाशी जुनं नातं आहे. १९४८ साली इटलीत झालेल्या आंतरराष्ट्रीय सहा दिवसांच्या चाचणीत विजयी ब्रिटिश संघात रॉयल एनफिल्डच्या बुलेट होत्या. जॉनी ब्रिटन या स्वाराने १९५२ आणि १९५७ साली स्कॉटलंडची सहा दिवसांची स्पर्धा बुलेटवरच जिंकली. पुढे येझदी या नावाने आपल्या रस्त्यांवर आलेल्या जावा घराण्यानेही या स्पर्धांत नाव कमावलं. रॉयल एनफिल्डने २०१९ साली ‘बुलेट ट्रायल्स’ नावाची गाडी भारतात विकायला काढली. ती शोभेचीच जास्त होती, असं माझं मत. त्या आंतरराष्ट्रीय सहा दिवसांच्या चाचणीतला एक नियम मात्र मला फार आवडतो : गाडी बंद पडली तर दुरुस्ती स्वाराने स्वतःच करायची, जवळच्या पान्यांनी. गावापासून चार किलोमीटरवर नाल्यात गाडी बंद पडलेल्या माणसाला वेगळा नियम कुठे असतो?

आता मुद्द्याचं. पाणी इंजिनात शिरतं कसं? चालू इंजिन हवा ओढतं. हवेच्या पेटीचं तोंड पाण्याखाली गेलं की ते हवेऐवजी पाणी ओढतं आणि कार्बोरेटरमधून ते थेट सिलिंडरमध्ये जातं. इंजिन बंद पडून गाडी पाण्यात आडवी झाली, तर सायलेंसर भरतो, आणि त्या क्षणी बाहेरचा व्हॉल्व्ह उघडा असेल तर मागच्या दारानेही पाणी आत येतं. तिसरी वाट सहसा लक्षात येत नाही. तापलेलं इंजिन थंड पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते, आणि इंजिनाची श्वासनळी (ब्रीदर) किंवा जुन्या सीलमधून ऑइलच्या चेंबरमध्ये पाणी खेचलं जातं. म्हणून प्लग कोरडा निघाला तरी ऑइल तपासायचंच.

पाण्याने लोखंड लगेच खराब होत नाही. खराब करतो तो आपण, आणि करतो पहिल्या पाच मिनिटांत. स्प्लेंडरचं इंजिन ९७.२ सीसीचं. पिस्टन वर टेकतो तेव्हा त्याच्या डोक्यावर दहा-बारा मिलिलिटरची जागा उरते, म्हणजे चहाचे दोन-अडीच चमचे. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. त्या जागेपेक्षा जास्त पाणी आत असेल तर पिस्टनला वर जायला वाट नसते. इंजिन वेगात असताना हे घडलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. बंद इंजिनात घडलं तर किक मध्येच दगडासारखी अडते, आणि तिथेच आपला पुरुषार्थ जागा होतो. दुसरा गडी येतो, तो अंगाचा भार टाकून किक मारतो. कोणी तिसऱ्या गिअरमध्ये टाकून ढकलायला लावतो. बटण असेल तर बटण दाबतो. त्याने स्टार्टरची मोटर आणि बॅटरी दोन्ही मरतात. काठावर एखादा म्हातारा ‘भाऊ, किक नको मारू’ म्हणत असतो. त्याचं ऐकावं.

करायचं ते सोपं आहे. चावी काढायची, बॅटरीची तार सोडवायची. गाडी पाण्याबाहेर कोरड्या जागी ढकलत न्यायची, न्यूट्रलमध्ये. ट्रायल्सचे स्वार गाडी मागच्या चाकावर सरळ उभी करतात आणि सायलेंसर रिकामा करतात. त्यांची गाडी सत्तर किलोच्या आसपास असते. स्प्लेंडर शंभरावर किलोची, तिला दोन माणसं लागतात, पण ती उभी राहते. मग प्लग पान्याने प्लग काढायचा आणि मागचं चाक उचलून वरच्या गिअरमध्ये हाताने सावकाश फिरवायचं. प्लगच्या भोकातून पाण्याची पिचकारी उडते. तोंड लांब ठेवा, आणि चावी बंद आहे याची पुन्हा खात्री करा, कारण त्या पिचकारीत पेट्रोलही असतं. पाणी यायचं थांबलं की मग हलक्या किका.

कार्बोरेटरच्या वाटीचा खालचा स्क्रू सैल करून तिच्यातलं सगळं वाहू द्यावं. टाकीही तपासावी. हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी धरून तळाशी वेगळं बसतं आणि नळीतून पहिलं तेच उतरतं. हवेचा फिल्टर स्पंजचा असेल तर धुऊन, पिळून, तेल लावून चालतो. कागदाचा असेल तर फेकावा. उन्हात वाळवून परत बसवलेल्या कागदी फिल्टरने वाचवलेले पैसे पुढे रिंगांवर दुपटीने जातात.

ऑइलची गोष्ट थोडी धीराची आहे. पाणी ऑइलपेक्षा जड. इंजिन चालवलं नसेल आणि गाडी रात्रभर उभी राहिली, तर सकाळी खालचा बोल्ट सैल करताच आधी नितळ पाणी येतं आणि मग काळं ऑइल. इंजिन चालवलं असेल तर दोन्ही घुसळून दुधाळ होतं, आणि ते एकदा काढून भागत नाही. स्वस्त ऑइल घालून, थोडं चालवून, गरम असतानाच काढायचं. रंग स्वच्छ येईपर्यंत हे दोन-तीनदा करायचं. या इंजिनात साधारण लिटरभर ऑइल लागतं, तिथे हात आखडू नये. सुरू करण्याआधी प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडावं, नवा प्लग लावावा. सुरुवातीला सायलेंसरमधून पांढरी वाफ येईल, ती येऊ द्या. निळा धूर आला आणि थांबेना, तर रिंगा किंवा बोअर गेलेला आहे.

हे सगळं पाण्याचं झालं. चिखलाचा हिशेब वेगळा, आणि या जिल्ह्यात तो दोन तऱ्हेचा आहे. पांढुर्ण्याकडची काळी माती दख्खनच्या बेसाल्टची. ती पाणी पिऊन फुगते, फिल्टर लिंपते, कार्बोरेटरची बारीक छिद्रं बुजवते, आणि वाळली की मॅग्नेटच्या झाकणाआड घट्ट बसते. त्रास देते, पण लोखंड फारसं कापत नाही. सौंसरकडचा खडक निराळा. भूशास्त्रात ‘सौंसर समूह’ हे नावच या गावावरून पडलंय. मँगनीज पोटात असलेले हे प्राचीन खडक नागपूर, भंडारा, बालाघाटपर्यंत पसरलेत. त्यात गारगोटी भरपूर, आणि कन्हानच्या पात्रातली वाळूही त्याच जातीची टणक. गारगोटी साध्या पोलादाला ओरखडते. तिचे चार कण रिंग आणि बोअरमध्ये सापडले तर दहा मिनिटांत इंजिनाचं वय दहा वर्षांनी वाढतं. तेव्हा बोटाला कचकच लागली की हाताने चाक फिरवण्याचाही मोह नको. हेड उतरवा, बोअर डिझेलने धुवा, मगच पुढचं. फिल्टरची पेटी उघडण्याआधी ती बाहेरून धुऊन घ्या, नाहीतर बाहेरचा चिखल आपल्याच हाताने आत पडतो.

राजदूतच्या वेळी हे काम निराळं होतं. एस्कॉर्ट्सची ती १७५ सीसीची टू-स्ट्रोक गाडी दूधवाल्यांनी आणि शेतकऱ्यांनी मनसोक्त राबवली. तिच्यात पेट्रोल आणि ऑइलचं मिश्रण क्रँककेसमधूनच जातं, म्हणजे पाणीही थेट क्रँकच्या बेअरिंगपर्यंत पोचतं. पण व्हॉल्व्ह नाहीत, भानगडी कमी. गाडी उलटीपालटी करून पाणी काढलं आणि मिश्रणाने आतून भिजवलं की ती पुन्हा फटफटायची. ट्रायल्सच्या बहुतेक गाड्या आजही टू-स्ट्रोक आहेत, याचं मला नवल वाटत नाही.

उलट एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत कार्बोरेटर गेला, इंजेक्शन आलं, आणि अनेक मॉडेलांची किकही गेली. पेट्रोलचा पंप टाकीत, मेंदू सीटखाली, तारांचे जोड जागोजागी. प्लग काढून पाणी काढण्यापर्यंत सगळं तेच. पुढे मात्र प्रत्येक जोड उघडून कोरडा करणाऱ्या, धीराच्या मिस्त्रीकडे जावं लागतं.

मिस्त्री लगेच मिळाला नाही तर? पुरानंतर तो मिळतच नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलाव ओसंडून नागपुरात पाणी घुसलं, २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर बुडालं, २०२१ मध्ये चिपळूण; प्रत्येक वेळी गॅरेजपुढे दुचाकींच्या रांगा लागल्या. अशा वेळी पाणी काढून सिलिंडर आणि चेंबर ऑइल किंवा डिझेलने भरून ठेवावं. पावसाळी हवेत उघड्या ओल्या बोअरवर एका दिवसात गंज धरतो. तेलात बुडालेल्यावर धरत नाही. आठवडाभर वाट पाहायला हरकत नाही.

विम्याचं सांगून टाकतो. फक्त थर्ड पार्टीचा विमा असेल तर पुरातलं काहीच मिळत नाही. पूर्ण विम्यात पुराचं नुकसान धरतात, पण पाण्यातून काढलेली गाडी सुरू करायला गेल्यामुळे रॉड वाकला तर ते सहसा नाकारतात. त्यासाठी इंजिनाचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. म्हणून पाण्यात उभ्या असलेल्या गाडीचा फोटो आधी काढा, आणि चावीला नंतरही हात लावू नका. ऑइल, फिल्टर, प्लग हा काही शे रुपयांचा खर्च आहे. वाकलेला रॉड, नवा बोअर-पिस्टन आणि मजुरी मिळून तो हजारांत जातो, आणि तोही ऐन फवारणीच्या दिवसांत. रपट्यावरून पाणी वाहत असेल तर गाडी अलीकडेच लावा आणि पाणी उतरेपर्यंत थांबा. वाहत्या पाण्यात गाडीआधी माणूस जातो.