जुन्या गाडीची नवी खुर्जी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

आमच्या घरात अलीकडेच एक मोटारसायकल आली. नवी नाही, जुनीच. माझा भाचा लोह्याला राहतो. गायी-म्हशींना कृत्रिम रेतन करण्याचे काम करतो. रोजची चाळीस-पन्नास किलोमीटरची फिरती असते. कधी वाडी, कधी तांडा, कधी शेतातला आखाडा. आधीची गाडी अगदीच थकली, म्हणून लातूरहून शंभर सीसीची एक जुनी गाडी घेऊन तो चाकूर, अहमदपूर करत परत आला. अंगणात गाडी लावली, चहा घेतला आणि म्हणाला, “मामा, उद्या मोंढ्याकडं जातो. पेटी, मोबाइलचा स्टँड, चार्जर, हेल्मेटातला ब्लूटूथ, सगळं एकदाच बसवून घेतो बघा.”

मी आयुष्यभर आयटीआयमध्ये पोरांना मोटार मेकॅनिकचे धडे दिले. त्यामुळे जिभेवर आलेला शब्द आवरला नाही. म्हटले, “बापू, ही खोगीरभरती नंतर. आधी घोडा बघू.”

जुनी गाडी घेणारा जवळजवळ प्रत्येक जण हीच घाई करतो. गाडीत आपले काहीतरी घातल्याशिवाय ती आपली वाटत नाही. पण कायद्याने ती आपली कशी होते, ते दोन वाक्यांत सांगतो. विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. त्यासाठी फॉर्म २९ आणि फॉर्म ३० लागतात, आणि विमाही नव्या मालकाच्या नावावर करून घ्यावा लागतो. लातूरचा एमएच २४ क्रमांक नांदेड जिल्ह्यात आला तरी तोच राहतो. बदलते ते मालकाचे नाव. “त्यात काय, कागद करू सावकाश,” असे म्हणणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो, की नोंदवहीत ज्याचे नाव तोच मालक आणि अपघाताची भरपाईही त्याच्याच माथी, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणजे विकणाऱ्यालाच अधिक घाई हवी.

आता घोडा. गाडी मधल्या स्टँडवर लावून मागचे चाक दोन्ही हातांनी आडवे हलवून बघितले. बोटभर खेळ होता. मागच्या फोर्कचे बुश गेले होते. एकट्या माणसाला हे चालवताना कळत नाही. मागे वजन लादले, की वळणावर गाडी शेपूट हलवू लागते आणि आपण म्हणतो, पेटीच वाईट. पुढचे हँडल सावकाश फिरवले तर मध्यावर अडकल्यासारखे होत होते, म्हणजे कोनसेटही झिजलेला. दोन स्पोक ढिले होते. मागचा एक शॉकअप तेलकट दिसला. तो गळका निघाला. पेटीसाठी बाजूला ठेवलेले पैसे इथेच संपले आणि भाच्याचे तोंड उतरले. पण या दुरुस्तीविना त्या गाडीवर ओझे घालणे म्हणजे लंगड्या बैलावर गोणी टाकणे.

गोणीवरून आठवले. आपल्या भागात सामान वाहण्याची विद्या काही आजची नाही. लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य घेऊन मुलूखभर फिरत. गोणी बैलाच्या दोन्ही अंगांना सारखी लोंबायची. घोड्याच्या पाठीवरची खुर्जीही तशीच असे, दोन्हीकडे कप्पे आणि मधला पट्टा पाठीवर. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या यात्रेत घोड्यांच्या बाजारापाशी उभे राहिलात तर खोगिराचा आणि तंगाचा विचार माणसे किती बारकाईने करतात, ते दिसेल. आणि रोज पहाटे शहरात शिरणारा दूधवाला बघा. दोन्ही बाजूंना कॅन अडकवलेली त्याची मोटारसायकल म्हणजे लोखंडी खुर्जीच. त्या माणसाने भौतिकशास्त्राचे पुस्तक उघडलेले नसते, पण एका बाजूचे दूध वाटून संपले, की तो उरलेले दोन्हीकडे वाटून घेतो.

यामागचे गणित सोपे आहे. मागच्या चाकाचा आस हा तराजूचा काटा समजा. आसाच्या पुढे ठेवलेले वजन दोन्ही चाकांवर वाटले जाते. आसाच्या मागे ठेवलेले वजन पुढचे चाक उचलू पाहते. समजा, दोन चाकांमधले अंतर १२५ सेंटिमीटर आहे आणि २० किलोची पेटी आसाच्या २५ सेंटिमीटर मागे बसवली. तर पुढच्या चाकावरचा भार ४ किलोने हलका होतो आणि मागच्या चाकावर २० नव्हे, २४ किलो पडतात. चार किलो म्हणजे काहीच नाही, असे वाटेल. पण ज्या चाकाने वळायचे आणि ज्या ब्रेकने मुख्यतः थांबायचे, तेच चाक आपण हलके करतो आहोत. शिवाय पेटी उंच असेल तर खड्ड्यात ती लोलकासारखी डुलते. म्हणून जड ते खाली, पुढे आणि मध्ये. मागच्या उंच पेटीत रेनकोट, टॉवेल, जेवणाचा डबा, इतकेच.

भाच्याच्या सामानात एक वस्तू मात्र कोणत्याच तयार पेटीत बसणारी नव्हती. ती म्हणजे द्रवरूप नायट्रोजनचे भांडे. यात गोठवलेल्या रेताच्या कांड्या असतात. वजा १९६ अंश सेल्सिअस तापमान. देवणी आणि लाल कंधारी या आपल्या मातीतल्या दोन जाती, एक लातूरकडची आणि एक नांदेडकडची. त्यांचे पुढचे वंश त्या पाव मिलिलिटरच्या कांड्यांत बंद होऊन मोटारसायकलवरून फिरत असतात! नायट्रोजन संपला किंवा सांडला, की कांड्या निकामी. बाहेरून मात्र काहीच दिसत नाही. शेतकरी २१ दिवस वाट बघतो, गाय पुन्हा माजावर येते आणि मग दोष गायीला तरी लागतो, नाहीतर माझ्या भाच्याला.

तीन लिटर नायट्रोजनचे वजन जेमतेम अडीच किलो. अडचण वजनाची नसून उभे राहण्याची आहे. भांडे आडवे होता कामा नये. त्याचे झाकण घट्ट बसवता कामा नये, कारण आतला द्रव सतत उकळत असतो आणि एका लिटरची जवळजवळ ७०० लिटर हवा होते. वाट मिळाली नाही तर भांडे फुटेल. तेव्हा घट्ट बंद पेटी बाद. आम्ही वेल्डिंगवाल्याकडून चौकोनी पट्ट्यांचा उघडा पिंजरा करून घेतला. आत चहूबाजूंनी जाड फोम घातला आणि पिंजरा कॅरिअरवर, सीटला अगदी चिकटून, बरोबर मध्यावर बसवला. बाकीची खुर्जी अशी: डावीकडे साडीगार्डच्या बाहेरून रेतनाच्या नळीची पेटी, हातमोजे आणि कांडी वितळवण्यासाठी ३७ अंशांचे पाणी करायला थर्मास. उजवीकडे हवा भरायचा पंप, पाने आणि गमबूट. उजव्या बाजूला खाली सायलेन्सर असतो, म्हणून तिकडची पिशवी चार बोटे वर. नाहीतर गमबुटाचा वास गावभर.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. वेल्डिंग गाडीच्या मुख्य चेसीसवर कधीही करू देऊ नका. तापवलेली नळी जोडाशेजारी कमजोर होते आणि काही महिन्यांनी तिथेच तडकते. कॅरिअर गाडीपासून वेगळे ठेवून जोडायचे आणि मग गाडीला आधीच असलेल्या बोल्टांवर, म्हणजे शॉकअपच्या वरच्या आणि मागच्या हँडलच्या बोल्टांवर, कसायचे. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस ६ गाड्यांत इंजिनाचा कारभार छोट्या संगणकाकडे आहे. वेल्डिंगचा एक झटका त्याला पुरे.

ओझे वाढले की मागच्या चाकाची हवा वाढवायची. किती, ते गाडीच्या पुस्तकात किंवा साखळीच्या कव्हरवरच्या पट्टीवर लिहिलेले असते, एकट्यासाठी वेगळे आणि दोघांसाठी वेगळे. ते कुणी वाचत नाही, हा भाग निराळा.

आता संपर्काची साधने. भाच्याचा धंदा फोनवर चालतो. चार्जर हवा, हे मान्य. पण छोट्या गाडीची बॅटरी असते १२ व्होल्ट आणि अडीच-तीन ॲम्पिअर-अवरची. मोबाइलचा चार्जर साधारण १० वॅट देतो. त्यातली नासाडी धरून बॅटरीतून सुमारे एक ॲम्पिअर ओढतो. इंजिन बंद ठेवून दीड तास फोन लावला, की बॅटरी अर्धी. मग बटणस्टार्ट विसरा, किक मारा. म्हणून चार्जरची वायर थेट बॅटरीला न जोडता किल्ली फिरवल्यावरच ज्या वायरीत वीज येते तिच्यावरून घ्यायची आणि मध्ये २ ॲम्पिअरचा फ्यूज घालायचा. फ्यूज नसलेली वायर हँडलाखाली घासून सोलली, तर पेट्रोलच्या टाकीशेजारी ठिणगी पडते. वायर बसवून झाल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. ती ताणली जात असेल तर पुन्हा मोकळी करून बांधा.

त्याआधी मीटर लावा. इंजिनाचा वेग थोडा वाढवल्यावर बॅटरीवर साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसायला हवेत. आमच्या गाडीवर दिसले साडेबारा! रेग्युलेटर गेलेला. तसाच चार्जर जोडला असता तर आठवड्याने भाच्याने चार्जरच्या दुकानदाराला शिव्या घातल्या असत्या.

मोबाइल हँडलवर लावायचा की नाही, यावर आमचा वाद झाला. तो म्हणाला, रस्ता दिसतो. मी म्हटले, लोहा तालुक्यात तुला नकाशा कशाला? शिवाय मे महिन्याच्या उन्हात फोन तापून आपोआप चार्ज होणे थांबवतो. मोटारसायकलच्या जोरदार थरथरीने आयफोनच्या कॅमेऱ्याची बारीक यंत्रणा बिघडू शकते, असे खुद्द ॲपल कंपनीनेच २०२१ मध्ये आपल्या ग्राहकांना कळवले होते. शेवटी फोन टाकीवरच्या पिशवीत गेला, जाड कापडाच्या घडीवर.

राहिला हेल्मेटातला ब्लूटूथ. हेल्मेट आयएसआय चिन्हाचेच हवे. आणि स्पीकर बसवण्यासाठी आतला थर्मोकोल कोरायचा नाही. धक्का तोच थर झेलतो. गालाच्या गादीमागे पोकळी असेल तर तिथे बसवा, नसेल तर नाद सोडा. चालत्या गाडीवर हातात फोन धरणे २०१९ च्या दुरुस्तीपासून धोकादायक वाहन चालवण्याच्या कलमात मोडते. हात मोकळे असले म्हणजे प्रश्न मिटला, असेही नाही. हँड्सफ्री बोलणे हातात फोन धरून बोलण्यापेक्षा फारसे सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सोळा मीटरहून अधिक जाते. “कोण बोलतंय?” एवढे विचारून उत्तर ऐकेपर्यंत पन्नास मीटर संपले. तेवढ्यात बांधावरून म्हैस रस्त्यावर येते.

भाचा म्हणाला, “पण मामा, माजाची वेळ निघून जाते!” यावर मी त्यालाच त्याचे शास्त्र विचारले. सकाळी माज दिसला तर रेतन संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हणजे हातात दहा-बारा तास. दहा मिनिटांनी उचललेल्या फोनने कोणती गाय चुकणार? तो हसला. हेल्मेटातला ब्लूटूथ तेव्हा रद्द झाला. आता शेतकऱ्यांना घरचा एक नंबर दिला आहे. माझी बहीण वहीत गाव, नाव आणि माज दिसल्याची वेळ लिहून ठेवते. हा दर अर्ध्या तासाने लिंबाखाली थांबून तिला फोन करतो. नोंद बहिणीच्या हातात गेल्यापासून दोन गावांच्या फेऱ्या एकात बसू लागल्या आहेत.

दुकानदाराने त्याला वॉकीटॉकीही दाखवली होती. ४४६ मेगाहर्ट्झच्या ठरावीक पट्ट्यातले कमी शक्तीचे संच २०१८ पासून परवान्याविना वापरता येतात. पण त्यांचा आवाज मोकळ्या रानातही दोन-तीन किलोमीटरच पोचतो. त्याहून ताकदीच्या हौशी रेडिओसाठी परीक्षा आणि सरकारी परवाना लागतो. ही हौस वाया जाणारी नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, त्यानंतर निरोप पोचवण्याच्या कामात हौशी रेडिओचालकांचा मोठा हात होता. भाच्याला मात्र बहिणीची वही पुरते.

सगळे बसवून आठ दिवस झाल्यावर आम्ही पुन्हा पाना घेऊन बसलो. डावी पेटी साडीगार्डला घासत होती, तिथे जुन्या ट्यूबचा तुकडा बांधला. कॅरिअरचे दोन बोल्ट अर्धा फेरा ढिले निघाले. ते बदलून आत नायलॉनची कडी असलेले नट घातले आणि बहिणीच्या लाल नेलपॉलिशने प्रत्येक नट-बोल्टावर एक सरळ रेघ ओढली. रेघ तुटलेली दिसली, की नट फिरला. रोज सकाळी भाचा वाळकी लाकडी पट्टी भांड्यात बुडवतो, बाहेर काढून हवेत हलवतो, पांढरे दव कुठवर चढले ते बघतो आणि मग खाली वाकून चारही रेघांवरून नजर फिरवतो.