घड्याळ नको, कणीक बघा!

घरी पाव करायचाय? रेसिपीत 'कणीक तासभर झाकून ठेवा' असं हमखास असतं. पण हिंगोलीच्या उन्हाळ्यात या तासाच्या भरवशावर राहू नका!

यीस्ट जिवंत असतं. साधारण २५ ते ३० अंशांत ते छान काम करतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा कणीक भराभर फुगते आणि जास्त वेळ राहिली तर आंबट होऊन खाली बसते. जानेवारीत तिलाच दोन तासही लागू शकतात. म्हणून खूण कणकेची धरा. ती दुप्पट झाली आणि पीठ लावलेलं बोट खुपसल्यावर खड्डा तसाच राहिला, की समजा झालं.

प्रमाण सोपं आहे. मैदा २५० ग्रॅम, कोरडं यीस्ट एक छोटा चमचा, साखर दोन, मीठ अर्धा, कोमट दूध साधारण १५० मिली. दूध बोटाला सोसेल इतकंच गरम हवं, कडकडीत दुधात यीस्ट मरतं. दहा मिनिटं मळा, शेवटी चमचाभर लोणी घाला. फुगल्यावर गोळे करा आणि पुन्हा फुगू द्या.

ओव्हन नाही? जाड कढईत मीठ पसरा, त्यावर स्टँड ठेवा, झाकून दहा मिनिटं तापवा. मग मंद-मध्यम आचेवर २५ ते ३० मिनिटं भाजा. वरून भट्टीसारखा तांबूस रंग येणार नाही, पण पाव मऊ होईल.

आणि ज्वारीचा पाव? ज्वारीत ग्लुटेन नसतं, त्यामुळे हवा धरून ठेवली जात नाही. मैद्यात पाव हिस्सा मिसळून बघा. बाकीच्या पिठाची भाकरीच बरी!